उदाहरण क्रमांक सतरा

अकोला,
ता. ९ जानेवारी २०२५

प्रिय शेखर,

प्रभूच्या नावात सलाम. मी बरी आहे, डावा गुडघा सोडून. मनकर्णाची शुगर आता कशी आहे हे तू परवा फोनवर सांगितलंच नाहीस आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. आपलं फोनवरचं बोलणं दोन मिनिटांत भांडणावर जातं. चौतीस वर्षं वर्गात ओरडून माझा आवाज तसा झाला आहे आणि तू तर जन्मापासूनच तसा. म्हणून आज कागद घेऊन बसले.

नाताळ पार पडला. तुम्ही तिघंही आला नाहीत. घरात पोरीच्या जातीच्या दाखल्यावर अशी नोटीस येऊन पडल्यावर कोणाला नाताळ सुचणार, हे मला कळतं. करंज्या जास्तीच्या झाल्या होत्या, त्या पाळकसाहेबांच्या घरी पाठवल्या. उपासनेत त्यांनी बिशपसाहेबांचं नाताळपत्र वाचून दाखवलं. त्यात हवामानबदल होता, युद्धं होती, स्थलांतरित मजूर होते, शेवटी प्लास्टिकच्या पिशव्याही होत्या. एकही गोष्ट चुकीची नव्हती. तरी मी पहिल्या बाकावर बसून चरफडत होते.

आपल्या मंडळीचा समाजाशी संबंध हा असा आहे, शेखर. इंग्रज होते तेव्हा आपलं चर्च म्हणजे सरकारचं चर्च, कलेक्टर सहकुटुंब येऊन पुढच्या बाकावर बसायचा. आता कलेक्टरला निवेदन द्यायला आपण त्याच्या कचेरीबाहेर दोन तास बसतो. पण बोलण्याची ऐट मात्र तीच राहिली आहे. सिनडची मोठी सभा भरते, साऱ्या देशाच्या मंडळीच्या वतीने ठराव होतात, दिल्लीच्या ऑफिसातून परिपत्रक निघतं, धर्मप्रांतातून खाली येतं आणि शेवटी माझ्या टेबलावर येऊन पडतं, कारण मी इथली सेक्रेटरी. ‘आपल्या मंडळीने या विषयावर काय कृती केली ते पंधरा दिवसांत कळवावे.’ मागे झाडं लावायचं आलं होतं. आम्ही अकरा लावली, नऊ बकऱ्यांनी खाल्ली, मी अकरा कळवली.

दलित ख्रिस्तींच्या सवलतीसाठी नेमलेल्या आयोगाबद्दलचं परिपत्रक आलं तेव्हा मात्र मला मनापासून आनंद झाला होता. निदान एक तरी विषय आपल्या हाडामांसाचा आला, असं वाटलं. मी जी प्रस्तावना लिहून पाठवली तिच्यात आपलंच घर घातलं होतं. पातूरजवळच्या एका खेड्यात दोन सख्खे महार भाऊ, मोतीराम आणि देवराव. मोतीराम मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर झाला आणि ख्रिस्ती झाला. देवराव छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध झाला. दोघांची विहीर गावाने सारखीच वेगळी ठेवली होती. पण नव्वद साली कायदा बदलला आणि देवरावच्या नातवंडांना अनुसूचित जातीची सवलत मिळाली, मोतीरामच्या नातवंडांना अजून नाही. देव बदलला म्हणून गावाने आपल्याला वर घेतलं नाही, सरकारने मात्र यादीतून काढलं. आता दिल्लीने नेमलेला आयोग हेच तपासतोय, आणि देशभरातून हकिकती गोळा करून त्याच्यापुढे ठेवायचं काम मंडळीने अंगावर घेतलं. हे काम बरोबर आहे, असं मी आजही म्हणते.

एवढंच की हकिकती गोळा करायला दिल्लीहून कोणी आलं नाही. मी फिरले, या गुडघ्याने. अकोला, बाळापूर, मूर्तिजापूर, अमरावती, मिळून त्रेचाळीस घरं. लोक दार अर्धं उघडून बोलायचे. कोणाच्या मुलाच्या जातीच्या दाखल्यावर एक धर्म, घरात दुसरा. कोणी म्हणायचं, नाव नका लिहू, बाई. मी सगळ्यांना शब्द दिला की नावं बाहेर जाणार नाहीत. बेचाळीस घरांनी माहिती दिली. एक घर नाही म्हणालं, ते तुझं.

या हकिकतींचं पुस्तक सप्टेंबरात निघालं. गुळगुळीत कागद, इंग्रजी आणि हिंदी. मुखपृष्ठावर कुठल्यातरी समुद्राकाठच्या बायका आहेत, आपल्याकडची एकही नाही. नागपूरला प्रकाशन झालं, हार घातले, गटागटाने फोटो काढले. मला शेवटच्या रांगेत खुर्ची होती. पंचवीस प्रती पाठवल्या आहेत, त्या कपाटात पडून आहेत.

आता आचलचं. चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी कृषी खात्यात नेमणूक झालेली तुझी पोरगी, आणि तिला जात पडताळणी समितीपुढे उभं राहून मी बौद्ध आहे, हे सिद्ध करायला लागतंय. नोटिशीत बाप्तिस्मा नोंद क्रमांक २१२ कुठून आला असं तू विचारत होतास. निनावी तक्रार आहे, कोणी केली कसं सांगणार. तुझं म्हणणं नागसेनने केली. आचल बाहेर पडली की प्रतीक्षायादीतला त्याचा मुलगा धम्मदीप आत येतो, आणि तिच्या बाप्तिस्म्याला नागसेन हजर होता. हिशेब जुळतो हे मलाही दिसतं. पण जुळलेला प्रत्येक हिशेब खरा नसतो, असं मी गणिताच्या तासाला हजारदा सांगितलं आहे.

सात फेब्रुवारीला सुनावणी आहे. तोवर नागसेनला काही बोलू नकोस. देवरावबाबांचा नातू तो, आपण मोतीरामबाबांची नातवंडं, आपला भाऊच आहे. माझं एवढं एक ऐक आणि कारण विचारू नकोस.

मनकर्णाला आणि आचलला आशीर्वाद.

तुझी,
ताई


अकोला,
ता. २३ जानेवारी २०२५

प्रिय शेखर,

सलाम. तू ऐकलं नाहीस.

तुझा मेसेज मी तीनदा वाचला. रविवारी पातूरला जाऊन विहाराच्या फाटकात, लोक वंदना आटपून बाहेर पडत असताना, ‘पोराच्या नोकरीसाठी माझ्या पोरीचा गळा कापला’ असं तू नागसेनला म्हणालास. वर मला लिहितोस की आता छाती हलकी झाली. तुझी झाली असेल. माझ्या छातीवर मात्र तेव्हापासून कोणीतरी बसल्यासारखं आहे.

काल मी पातूरला जाऊन आले. बसस्थानकावरून ऑटो केला. नागसेन ओट्यावर लसूण सोलत बसला होता. ग्रामसेवकीतून रिटायर झाल्यापासून घरातलं बारीकसारीक काम तोच करतो म्हणे. मला पाहून उठला, खुर्ची आणली, आतून चहा सांगितला. जणू काही झालंच नाही.

“शेखरभाऊ आला अन् चार लोकांत बोलून गेला,” तो म्हणाला. “म्या काई म्हटलं नाई. म्हटलं, पोरीचा बाप हाय, जीव जळून राहिला त्याचा.”

“तक्रार तू केलीस का, हे विचारायला मी आलेली नाही,” मी म्हणाले.

“मंग काहून आल्या, ताई?”

या साध्या प्रश्नावर मी गुडघ्याची गोष्ट काढली. तो हसला नाही, ऐकत राहिला. मग आपणहून म्हणाला, “समितीचं मलेबी पत्र आलं. पोट्टीले समाज आपली मानते का, ते सांगाले बलावलं. मी जाईन. पण एक सांगतो, खोटी सही म्या जिंदगीत केली नाई, नोकरीत होतो तवाबी नाई. आचल अमरावतीले विहारात दर रविवारी पोरांले शिकवते. तीन साल झाले. म्या डोयानं पाह्यलं, तेवढं सांगीन. तिच्या मनात काय हाय, ते मले मालूम नाई. ते तिच्या घरच्यांनी सांगावं.”

“आणि धम्मदीप?”

“त्याले म्हटलं, अजून एक साल अभ्यास कर. पोट्टीले पाडून तुले नोकरी लागली तं त्या पगाराची भाकर माह्या घशाखाली उतरनार नाई.”

ज्याला तू भर चौकात चोर ठरवलंस तो हा माणूस. तो तिच्या बाजूने बोलायला जाणार आहे, आणि त्याच्या एका साक्षीवर तिची नोकरी अवलंबून आहे. तुला हे कळायला हवं म्हणून आता मी जे लिहिते आहे ते वाच, आणि कागद फाडायचा असेल तर वाचून झाल्यावर फाड.

तक्रार कोणी केली ते मला माहीत नाही. पण २१२ हा आकडा माझ्यामुळे बाहेर गेला.

दिल्लीच्या फॉर्मच्या शेवटी एक जागा होती, ‘ठळक उदाहरण’. प्रत्येक मंडळीने एकच द्यायचं, वाचणाऱ्याच्या मनाला भिडेल असं. माझ्यासमोर बेचाळीस घरांचे कागद होते. झाडू मारणाऱ्या बाईचा मुलगा होता, फी भरता आली नाही म्हणून नर्सिंग सोडलेली मुलगी होती. खरी, साधी माणसं. मला त्यातलं कोणीच पुरेसं वाटलं नाही. आपल्या मंडळीचं उदाहरण साऱ्या देशात उठून दिसावं, असं मला वाटलं. मग ज्या घराने नाही म्हटलं होतं त्याच घराचं मी लिहिलं. कृषी पदवीधर, सुवर्णपदकाच्या जवळ गेलेली, अत्यंत हुशार मुलगी, जिला पोटासाठी आपला तारणारा लपवावा लागतो. चांगलं लिहिलं होतं. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

पुरावा म्हणून बाप्तिस्म्याचा नंबर टाकला. नाव छापणार नाहीत, हे गृहीत धरलं होतं. त्यांनी खरंच नाव झाकलं, ‘आ., अमरावती’ एवढंच ठेवलं, आणि नंबर तसाच उघडा छापला. पुस्तकात ते उदाहरण क्रमांक सतरा आहे. पुस्तक हातात आलं त्याच दिवशी मला ते दिसलं. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, तीन महिने मी कपाटाला कुलूप लावून बसले होते, जणू देशभरात तेवढ्याच पंचवीस प्रती होत्या.

नोटीस आल्यावर मी दिल्लीच्या विभागाला फोन केला. तिथले सचिव फार सभ्य बोलतात. त्यांनी आधी दुःख व्यक्त केलं, मग त्यांच्या आवाजात एकदम उत्साह आला. म्हणाले, ही तर संधी आहे. मुलीने समितीपुढे निर्भयपणे सांगावं की मी ख्रिस्ती आहे आणि दलितही आहे, आपण पत्रकार परिषद घेऊ, सारी मंडळी तिच्यामागे उभी राहील. मी विचारलं, नोकरी गेल्यावर कुठे उभी राहील? ते म्हणाले, वकिलाचं पाहू. ‘पाहू’ हा शब्द मी या मंडळीत चाळीस वर्षं ऐकते आहे. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, दीपमालाबाई, आपण प्रार्थना करू. करू की. प्रार्थनेला मी कधी नाही म्हटलं आहे? पण प्रार्थना झाल्यावर उठून काही करायचं असतं की नाही?

तर शिव्या मला दे. नागसेनकडे जा आणि माफी माग, सात तारखेच्या आत. तो काही मागणार नाही, पण तू जा.

त्याच्या त्या वाक्याला, तिच्या मनात काय आहे ते घरच्यांनी सांगावं याला, मी काही उत्तर दिलं नाही. चहा संपवला आणि पाचची बस धरली.

तुझी,
ताई


अकोला,
ता. ८ फेब्रुवारी २०२५

प्रिय शेखर,

काल तू माझ्याशी बोलला नाहीस. समितीच्या कचेरीत बाकाच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला तू, मध्ये मनकर्णा आणि तिची पिशवी. तिने मला पाणी दिलं. तू नागसेनशेजारी जाऊन बसलास आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवलास, ते पाहिलं. पातूरला जाऊन आलास हे मला त्यावरूनच कळलं. बरं केलंस.

आत फक्त साक्षीदाराला आणि आचलला बसू देत होते, त्यामुळे आत काय झालं ते तुला माहीत नाही. आचल सांगणार नाही, तिचा स्वभाव मनकर्णावर गेला आहे. म्हणून मीच सांगते. पण त्याआधी एक गोष्ट, जी मागच्या पत्रात लिहायची मी टाळली. लिहायला घेतली होती आणि बसचं कारण काढून थांबले.

मागच्या नाही, त्याच्या आदल्या नाताळात, म्हणजे २०२३ साली, आचल दोन दिवस माझ्याकडे होती. तिचं दृढीकरण झालेलं नाही यावरून तुझं माझं किती वर्षं वाजत होतं ते तुला आठवत असेलच. बिशप येणार म्हटलं की तू दर वेळी काहीतरी अडचण काढायचास, परीक्षा, लग्न, ताप. मी म्हणायचे, दाखल्यासाठी देवाला ताटकळत ठेवतोस. त्या दिवशी ती वाटाणे सोलत होती आणि मी सांगितलं, ईस्टरनंतर बिशप येताहेत, आता तू मोठी आहेस, बापाचं ऐकू नकोस, नाव देऊन टाक.

ती म्हणाली, “आत्या, मी नाई घेणार.”

मी म्हटलं, घाबरतेस का? नोकरीचं पाहू आपण. मीही ‘पाहू’ म्हटलं, बघ.

ती म्हणाली, “घाबरून नाई म्हणून राहिली. मले चर्चमध्ये काई वाटत नाई. गाणे आवडते, तुह्या करंज्या आवडते. पण बसून काई वाटत नाई. विहारात वाटते. कागदासाठी नाई, आत्या. खरंच.”

इतकं सरळ बोलली. आवाजही चढवला नाही. आणि मी म्हटलं, नोकरी लागू दे, मग डोकं ठिकाणावर येईल. तिने उरलेले वाटाणे सोलले आणि विषय संपला. तीन महिन्यांनी मी फॉर्मवर लिहिलं, ‘ही मुलगी मनाने ख्रिस्ती असून केवळ नोकरी हुकण्याच्या भीतीने बौद्ध असल्याचे दाखवते.’

हे माझं खरं पाप आहे. नंबर छापला गेला तो दिल्लीवाल्यांचा निष्काळजीपणा. हे वाक्य मात्र माझ्या पेनाने लिहिलेलं आहे, आणि ते खोटं आहे हे मला लिहिताना माहीत होतं. का लिहिलं? मला ती हवी होती, शेखर. तू बौद्ध घरातल्या मनकर्णाशी नोंदणी करून लग्न केलंस तेव्हा मी वर्षभर तुमच्या घरी पाय ठेवला नव्हता. मग ही झाली आणि तीन महिन्यांची असताना मी हट्टाने तिला अकोल्याला आणून बाप्तिस्मा करवला. मीच तिला हातात धरलं होतं. मनकर्णा भिंतीला टेकून उभी होती, एक शब्द बोलली नाही, आणि तिचं ते गप्प राहणं मी होकार म्हणून घेतलं. माझं स्वतःचं लेकरू नाही. चर्चमध्ये माझ्या मागे कोणी नाही. एक हुशार पोरगी तरी आपली आहे, असं कागदावर का होईना, मला लिहायचं होतं.

आता कालचं. तीन सदस्य होते. मधल्या बाईंच्या पुढे ते पुस्तक उघडं होतं, सतराव्या उदाहरणावर पेन्सिलची खूण. नागसेन आधी जाऊन आला होता, मग चर्चची सेक्रेटरी म्हणून मला बोलावलं. माझी रजिस्टरची पिशवी त्यांनी टेबलावर ठेवायला लावली. २१२ नंबर दाखवला. नाव, तारीख, माझी सही. आचल माझ्या डाव्या हाताला बसली होती, समोर बघत.

बाईंनी विचारलं, “हे चर्चच्या रजिस्टरमधून कमी करता येतं का?”

मी म्हणाले, “नाही. आमच्यात बाप्तिस्मा खोडता येत नाही. पण तीन महिन्यांच्या बाळाला कोणी विचारलेलं नसतं. म्हणूनच मोठेपणी दृढीकरण असतं. तेव्हा विचारतात आणि ज्याचं त्याने उत्तर द्यायचं असतं. हिला मी विचारलं. ही नाही म्हणाली.”

त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. ‘मनाने ख्रिस्ती असून.’ म्हणाल्या, “हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. मी खोटं लिहिलं.” आणि मग वाटाण्यांपासून सगळं सांगितलं. चौतीस वर्षं मी पोरांना खोटं बोललात म्हणून बाकावर उभं केलं आहे. काल उभं राहायची पाळी माझी होती आणि गुडघा एवढा दुखत होता की टेबल धरावं लागलं. त्यांनी खुर्ची दिली, मी घेतली नाही.

उजवीकडचे सदस्य तोवर ते पुस्तक आपल्याकडे ओढून चाळत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “मग तुमच्या यादीतली बाकीची बेचाळीस घरंही अशीच लिहिली आहेत का?”

शेखर, नोटीस आल्यापासून माझ्या डोळ्यांपुढे आचलची नोकरी होती, तुझा राग होता, नागसेनचा अपमान होता. ती बेचाळीस घरं माझ्या मनातही नव्हती. अर्ध्या दारातून बोललेली, शब्द घेऊन मग बोललेली माणसं. त्यांच्याबद्दल लिहिलेला एकही शब्द खोटा नाही. मी तसं सांगितलं, तीनदा सांगितलं. ते “बरं” म्हणाले आणि काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.

आचलचा निकाल महिन्याभरात कळवू म्हणाले. नागसेनची साक्ष आणि माझी, दोन्ही तिच्या बाजूच्या आहेत, मला आशा वाटते. पण उद्या आयोगासमोर कोणी म्हणालं की चर्चवाल्यांची उदाहरणं बनावट असतात, तर त्याला पुरावा मी दिला आहे. मी कालच संध्याकाळी दिल्लीला फोन करून सांगितलं की सतरावं उदाहरण मागे घ्या आणि आयोगाला तसं कळवा. ते म्हणाले, एवढ्याने संपूर्ण निवेदनाला बाधा येईल, हा विषय आपण अंतर्गत ठेवू. जे ऑफिस सरकारला दर महिन्याला पारदर्शकतेबद्दल पत्र लिहितं ते मला अंतर्गत ठेवा म्हणतंय. आज सकाळी मी आयोगाच्या पत्त्यावर स्वतःच्या नावाने रजिस्टर्ड पोस्टाने पत्र टाकलं. रजिस्टर आणि किल्ल्या पाळकसाहेबांकडे दिल्या. ते म्हणाले, राजीनामा कमिटीपुढे ठेवावा लागेल. ठेवा म्हटलं. सोमवारपासून बेचाळीस घरं पुन्हा फिरायची आहेत. मी काय केलं ते त्यांना माझ्याच तोंडून कळायला हवं. या वेळी किती दारं अर्धी तरी उघडतील, माहीत नाही.

आणि कायदा आहे तिथेच आहे. आचलला प्रमाणपत्र मिळालं तरी त्या नर्सिंग सोडलेल्या पोरीला काही मिळणार नाही. याचा राग मला तितकाच आहे, फक्त तो कोणावरही काढायचा हक्क मी घालवून बसले आहे.

बाहेर पडल्यावर तू गाडी काढायला गेलास तेव्हा जिन्यात आचल माझ्यासाठी थांबली होती. मला वाटलं, हात धरायला थांबली. तिने धरलाही, जिना उतरेपर्यंत. मग सोडून म्हणाली, “आत्या, माणसाचा धर्म पाहून सरकारनं त्याचा हक्क काढू नाई, हे सांगाले तू त्रेचाळीस घरं फिरली. चांगलं केलं. मंग माह्या धर्माचं मले विचारून, माहं उत्तर ऐकून, तू दुसरंच काहून लिहिलं?”

ती रडत नव्हती. उत्तरासाठी थांबली होती, खरंच थांबली होती. मी रजिस्टरची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि तेवढ्यात तुझी गाडी आली.

इतके दिवस पत्राच्या शेवटी मी तिला आशीर्वाद लिहीत आले. ते तिने कधी मागितले होते की नाही, मी विचारलं नाही. तू तिला माझा जयभीम सांग. आयुष्यात पहिल्यांदा घालते आहे. तिने घेतला नाही, तर तसं मला खरं कळव.

तुझी,
दीपमाला